आजार बरा होणारा नाही, असं कळल्यावर पैशांची व्यवस्था

भाऊजी बहात्तर वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. ताई अडुसष्टची. स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा भाऊजींना पहिली काळजी लागली ती ताईची, आणि ती रास्त होती. अशा घरात उपचाराइतकीच मागे राहणाऱ्याच्या पोटापाण्याची तरतूद जपावी लागते. मी बँकेत नोकरी केलेली, त्यामुळे कागदांचं काम माझ्याकडे आलं.

सगळ्यात आधी बँक, कारण हात थरथरू लागला की सही जुळत नाही. पेन्शनच्या खात्याला जोडीदाराचं नाव लावा: ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’. एफडीवरही हेच लिहिलेलं असलं की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण दोघं हयात असताना मुदतीआधी एफडी मोडायला दोघांच्याही सह्या लागतात. एक गेल्यावर दुसऱ्याला बाकी वारसांच्या संमतीशिवाय ती मोडता यावी, यासाठी दोघांनी सही केलेलं वेगळं पत्र बँकेत आधीच द्यावं लागतं. ते आजच द्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जोडीदार एकटाच नॉमिनी असेल आणि नियमात बसत असेल, तर खातं मुदतीपर्यंत पुढे चालवता येतं. मुख्त्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची शुद्ध हरपली की ते संपतं, मृत्यूनंतर तर संपतंच.

सही अजिबात होत नसेल तर अंगठा चालतो, पायाचासुद्धा. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेतला जबाबदार माणूस. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत कोणी ‘पेशंटला इथे आणा’ म्हणालं, तर शांतपणे तो सांगा आणि सत्तरीपुढच्यांना मिळणारी घरपोच सेवा मागा.

आता दवाखाना. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधार पुरतं, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. पतिपत्नी दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून. मेडिक्लेम असला तरी चालतं, पण सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असणाऱ्यांना दोन्हींतलं एक निवडावं लागतं. ताई सत्तरीच्या आतली, म्हणून तिच्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि रेशनकार्ड. दोन्ही योजना कॅशलेस आहेत. म्हणून डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा आणि हाच उपचार या रुग्णालयात योजनेत बसतो का, हे विचारा. आधी भरलेले पैसे नंतर परत मिळतील, या आशेवर राहू नका.

धर्मादाय रुग्णालयांत वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर राखीव खाटांवर मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दरात उपचार होतात. कारखान्याच्या पेन्शनवर जगणारी कितीतरी जोडपी यात बसतात, पण त्यांना कोणी सांगतच नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

उपचारासाठी रेल्वेने जाताना कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडं पडत नाही. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

एक गोष्ट मला तळमळीने सांगायची आहे. बायकोच्या हक्काच्या एफडी मोडल्या जातात त्या बहुतेकदा शेवटच्या आठवड्यांत, आयसीयूच्या बिलापायी. डॉक्टरांना थेट विचारा: याने दिवस वाढतील की नुसते हाल? पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आणि मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन, इथे वेदना कमी करणारी सेवा मोफत मिळते. व्हेंटिलेटर नको असेल तर ते रुग्णाने स्वतः, शुद्धीत असताना, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर लिहून द्यावं. भाऊजींनी दिलं. त्यामुळे मुलांवर तो निर्णय घ्यायची वेळ आली नाही.

राहिली पेन्शन. ईपीएफच्या पेन्शनरामागे पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते, किमान १ हजार. रक्कम तुटपुंजी आहे, पण तिच्या हक्काची आहे. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) तिचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का, ते आत्ताच पाहा. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज नवऱ्याच्या सहीने आजच जाऊ द्या.