म्युझिकलमधलं ‘मला हवंय’ गाणं लिहिताना

म्युझिकल म्हणजे गाण्यांतून गोष्ट पुढे नेणारं नाटक, आणि ‘मला हवंय’ गाणं म्हणजे मुख्य पात्र आपली इच्छा सांगतं ते गाणं. असं नाटक लिहायला बसलेला नवा गीतकार नायिकेच्या या पहिल्या गाण्यात हमखास ‘स्वप्न’, ‘आकाश’, ‘पंख’ आणतो. गाणं तिथेच पडतं. हे शब्द कुणाच्याही तोंडी शोभतात, म्हणजेच ते कुणाचेच नसतात. १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’ या म्युझिकलमधली एलायझा काय मागते पाहा: एक खोली, मोठी खुर्ची, भरपूर चॉकलेट, शेकोटीची ऊब. रस्त्यावर थंडीत फुलं विकणाऱ्या मुलीची ही यादी आहे. काय नाही तेच ती मोजते, त्यामुळे गरिबी वेगळी सांगावी लागत नाही.

म्हणून आधी गद्यात तीन वाक्यं लिहा. पात्राला काय हवंय? आज ते का मिळत नाही? ते मिळालं तर खरं काय मिळेल? तिसरं उत्तर गाण्यात उघड सांगायचं नाही. एलायझाला खुर्ची हवी आहे, पण त्यामागे आहे ती माणूस म्हणून मान मिळावा ही भूक. पात्राला स्वतःचं मन पूर्ण कळलं असेल, तर पुढचे दोन तास कशासाठी?

या गाण्याची जागा पहिल्या अंकाच्या सुरुवातीलाच, बहुधा दुसरं किंवा तिसरं गाणं. उशीर झाला की प्रेक्षक पात्राची धडपड बघतात, पण ती कशासाठी चालली आहे ते त्यांना कळत नाही.

चालीचं गणित समजून घ्यायला ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटातलं ‘ओव्हर द रेनबो’ पुरेसं आहे. पहिल्या दोन स्वरांतच पूर्ण सप्तकाची उडी आहे. दूरचं काही हवंय हे शब्दांआधी कानाला कळतं. मधल्या कडव्यात मात्र चाल दोनच स्वरांमध्ये झुलत राहते, त्यामुळे उडी परत आली की ती जास्त मोठी वाटते. सर्वांत उंच स्वर सुरुवातीलाच दोनदा खर्च केला, तर शेवटी चढायला जागा उरत नाही. ही चूक फार होते.

उंच आणि लांब स्वरावर ‘आ’, ‘ओ’ येऊ द्या. मराठीत ऱ्हस्व अक्षर ताणलं की अर्थच बदलतो: ‘दिन’ लांबवला की ‘दीन’ ऐकू येतो. जोडाक्षर लांब स्वराच्या तोंडावर नको, गायकाचा श्वास तिथे अडतो.

शेवटच्या ओळीत पात्र सुरुवातीला होतं तिथेच असेल, तर गाणं सुंदर असूनही कापलं जाईल. त्याने निदान काहीतरी ठरवलेलं असावं. ‘लिटिल शॉप ऑफ हॉरर्स’मधली (१९८२) ऑड्री हिरवळीतलं साधं घर मागते, फर्निचरवर प्लॅस्टिकचं आवरणसुद्धा. तीच चाल तिच्या मृत्यूच्या वेळी परतते, आणि आता ‘हिरवं’ म्हणजे नाटकातली माणसं गिळणारी वनस्पती. म्हणून पहिलं गाणं लिहितानाच विचारा: हीच ओळ शेवटाकडे पुन्हा आली, तर तिचा अर्थ काय होईल?

हे गाणं ऑडिशनला गायचं असेल आणि १६ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) मागितले असतील, तर सुरुवातीचे १६ घेऊ नका. खरी मागणी शेवटाकडे असते. मधल्या कडव्याचे शेवटचे ४, परतलेल्या मुखड्याचे ८ आणि समारोपाचे ४ असे जुळवा. चार मात्रांचा बार आणि मिनिटाला ७२ मात्रा असतील, तर हे साधारण ५३ सेकंदांत बसतं. कापलेली जागा साथीदाराच्या कागदावर ठळक खूण करून दाखवा.