सनस्क्रीन लावलं की चेहऱ्यावर वळ्या निघतात? माझं असं सुटलं

सनस्क्रीन चोळलं की कपाळावर आणि नाकाच्या बाजूला पांढऱ्या वळ्या सुटायच्या, खोडरबरचा चुरा असतो ना अगदी तसा. म्हणून मी कमी लावायचे, आणि नागपूरच्या मे महिन्यात स्कूटीवर अर्धा तास म्हणजे टॅन ठरलेलाच. तीन ट्यूब बदलल्या, तिन्हीचा तोच चुरा, नुसता वैताग.

घोळ ट्यूबचा नव्हताच, खालच्या थरांचा होता. आता असं करते: तोंड धुऊन टॉवेलने टिपायचं, सकाळचं सीरम आणि प्रायमर बंद, मॉइश्चरायझर मटारच्या दाण्याएवढंच आणि मग दहा मिनिटं थांबायचं (मी तेवढ्यात डबा भरते). मग तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा एसपीएफ ५०, चेहऱ्याला आणि मानेला एवढं लागतंच. पण एकदम नाही, आधी एक रेघ ठिपके देऊन हलकं थापायचं, चोळायचं अजिबात नाही, दोन-तीन मिनिटांनी दुसरी. कान विसरू नका. पंधरा मिनिटं वाळलं की मगच स्कार्फ, नाहीतर सगळं स्कार्फलाच लागतं. उन्हातच असाल तर दर दोन तासांनी परत, आधी घाम टिपून.

महिना झाला, वळ्या बंद. चष्म्याच्या दांडीखाली मात्र अजून कधीतरी निघतात.