व्हॅक्यूम मिक्सरमध्ये बोन सिमेंट कालवताना या चुका टाळा

बोन सिमेंट म्हणजे पावडर आणि द्रव कालवून केलेला, इम्प्लांट (कृत्रिम सांधा) हाडात घट्ट बसवणारा लेप; व्हॅक्यूम मिक्सर तो हवा ओढून घेऊन कालवतो. सिमेंटमध्ये बुडबुडे दिसले की ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पहिला दोष मिक्सरला जातो. मिक्सर बाजूला ठेवा, आधी नळी बघा. सर्जनच्या सक्शनलाच वाय-कनेक्टर लावून मिक्सर जोडलेला असतो, आणि ऐन कालवताना कोणीतरी रक्त ओढायला सक्शन वापरतं. व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजचा काटा घसरतो, मिक्सरमध्ये पुरेसा व्हॅक्यूम उरत नाही. मिक्सरला स्वतंत्र लाइन द्या किंवा पायाने चालणारा पंप वापरा. पावडर टाकण्याआधी झाकण लावून काटा ठरल्या जागी टिकतो का ते पाहा. टिकत नसेल तर झाकणाचं सील नीट बसलेलं नाही किंवा नळी कुठेतरी दुमडलीय.

जास्त व्हॅक्यूम म्हणजे जास्त चांगलं, हाही गैरसमज. मोनोमर, म्हणजे सिमेंटमधला द्रव, साध्या दाबाला साधारण 100 अंशांवर उकळतो. दाब फारच उतरवला तर खोलीच्या तापमानालाच उकळू लागतो आणि स्वतःचेच बुडबुडे करतो. सिमेंटसोबतच्या माहितीपत्रकातला दाब पाळा.

पावडर आधी की द्रव आधी, हे प्रत्येक सिस्टिमचं वेगळं. सवयीने ओतू नका. पॅडल तळापर्यंत पोचलं नाही तर भांड्याच्या कडेला कोरड्या पावडरचं पांढरं कडं राहतं, पिठल्यातल्या गुठळीसारखं, आणि पुढे तडा जायला तीच कमजोर जागा. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक हाताने मिसळणार असाल तर खडे आधी चुरा, पावडरमध्ये कोरडंच सारखं करून घ्या. द्रवरूप अँटिबायोटिक घालू नका. सिमेंट कमजोर होतं.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा. घड्याळ कालवून झाल्यावर सुरू करतात; ते पावडर आणि द्रव एकत्र आले त्या क्षणी सुरू व्हायला हवं. पत्रकातल्या वेळा बहुधा 23 अंशांच्या आसपासच्या असतात. मे महिन्यात विदर्भात बिनएसीच्या स्टोअरमधून आणलेलं पाकीट लगेच फोडलं तर सिमेंट सर्जनच्या आधीच आटोपतं. फ्रिजमधलं असेल तर उलट, बराच वेळ चिकटच राहतं. एकदा गार, एकदा गरम असं नको. पाकीट कुठे ठेवायचं ते एकदाच ठरवा.

सिमेंट भरायच्या नोझलमधून (नळीच्या तोंडातून) येणारं पहिलं सिमेंट टाकून द्या. मांडीच्या हाडात भरताना नोझल खालून वर येऊ द्या, तेही ओढून नाही. सिमेंटच्या दाबानेच ते मागे सरकलं पाहिजे. मोनोमर लेटेक्सच्या हातमोज्यातून आरपार जातो, म्हणून दोन जोड घाला आणि ओला झालेला जोड बदला. सिमेंट आत जाण्याआधी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगा. बीपी याच वेळी कोसळू शकतं.

ट्रॉलीवर ठेवलेला उरलेला गोळा अजून मऊ आहे म्हणून इम्प्लांट शेवटचं जरा हलवून घेण्याचा मोह टाळा. शरीराच्या उबेने आतलं सिमेंट त्या गोळ्याच्या आधी घट्ट होतं.