सीएचओ म्हणून आदिवासी भागात जॉईन होताय? मग हे वाचून घ्या

सीएचओची, म्हणजे उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची भरती निघाली की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात, मॅडम जॉईन करू का, तिकडे राहायला कसंय, पीजीचा अभ्यास होतो का वगैरे. प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी बीएएमएस, पोस्टिंग पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा पट्ट्यातल्या एका उपकेंद्रात. सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स, मग कंत्राटी ऑर्डर, २५ हजार मानधन आणि कामावर आधारित मोबदला जास्तीत जास्त १५ हजार. या १५ हजारांच्या भरवशावर गाडीचा हप्ता चालू करू नका एवढंच सांगेन, बाकी पगाराची चर्चा यूट्यूबवर भरपूर आहे.

आदिवासी भागात एका उपकेंद्राला ३ हजार लोकसंख्या धरतात, सपाटीला ५ हजार. ऐकायला सोपं वाटतं ना, पण इथे गाव म्हणजे एका जागी नसतं, विखुरलेले पाडे असतात आणि त्यातले एकदोन पावसाळ्यात ओढ्याच्या पलीकडेच अडकून पडतात. बीपी-शुगर कशी तपासायची, ३० वर्षांवरच्यांचा सीबॅक फॉर्म (बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका बघायची प्रश्नावली) कसा भरायचा हे ट्रेनिंगमध्ये होतं. पाड्याचं वर्ष कसं चालतं हे मात्र कोणी शिकवत नाही आणि खरं सांगायचं तर निम्मं काम त्याच्यावरच असतं.

म्हणजे बघा, भात-नागली निघाली, दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं आणि बरेचसे वारलीसुद्धा वीटभट्टीवर जातात, भिवंडी, वसई, कल्याणकडे. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते त्यामुळे सातवा महिना लागलाय, बाई तू थांब, असं सांगून ती थांबत नाही, थांबूच शकत नाही. तुम्ही जानेवारीत रजिस्टर घेऊन गेलात तर कुलूप, आणि काही घरांना तर कुलूपही नसतं, नुसती ताटी लावलेली. म्हणून खरी धावपळ ऑक्टोबरात करायची. आशाताईला घेऊन बसा आणि कोण जाणार, कोणत्या भट्टीवर, मुकादम कोण, त्याचा नंबर काय, हे सगळं वहीत उतरवा. गरोदर बाईच्या हातात माता-बाल कार्ड द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, आणि तिकडच्या दवाखान्यात हेच दाखवायचं हे नवऱ्यासमोर सांगा. कार्ड नसेल तर तिकडे सगळं पहिल्यापासून, आणि मजुरी बुडवून परत कोण येणार. बीपीच्या पेशंटच्या गोळ्यांचं एमओ (वैद्यकीय अधिकारी) सरांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे जाताना जास्तीच्या देता येतात.

मे-जूनला लोक परत येतात आणि मग आवणी, म्हणजे भाताची लावणी. आई उजाडायच्या आधी शेतावर, बाळ सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, घरात धान्य संपत आलेलं, वर जुलाब-ताप. कुपोषणाचं जे काय बघाल ते या दिवसांत. दंडघेराची पट्टी कायम खिशात ठेवा, ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलात ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. पण पट्टीवर आणि काट्यावर डोळे झाकून जाऊ नका. एका पाड्यावर एक मुलगा होता, गाल गुबगुबीत, वजनही बरं दिसत होतं, अंगणवाडीताई म्हणाल्या हा ठीकेय. आमच्या आशाताईने काही न बोलता त्याची दोन्ही पावलं हातात घेतली, अंगठ्याने दाबून धरली आणि सोडली. दोन्हीकडे खळगे तसेच राहिले. सूज होती ती, वजन सुजेचं होतं. दोन्ही पावलांवर अशी सूज म्हणजे पट्टी काहीही म्हणो, ते मूल तीव्र कुपोषितच धरायचं आणि पुढे पाठवायचं. तेव्हापासून मी मूल उचललं की आधी पाय बघते.

आणि हो, फोटो काढू नका. जव्हार तालुका १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे पेपरात आला, तेव्हापासून इथे कोण कोण कॅमेरे घेऊन येतं आणि जातं. लोकांना ते कळतं, बोलत नाहीत फक्त. रिपोर्टला फोटो लागलाच तर विचारून काढा.

लोहाच्या गोळ्यांचं सांगायचं तर वाटल्या म्हणजे खाल्ल्या असं नसतं. कुडात खोचलेल्या पिशव्या बघा कधीतरी, पाकिटं जशीच्या तशी सापडतील. संडास काळी होते म्हणून घाबरतात, मळमळतं म्हणून सोडतात. काळी होणारच, त्याने काही होत नाही, रात्री जेवून झाल्यावर घे, आणि कॅल्शियमची त्याच वेळी घेऊ नको, एवढं सांगितलं तरी फरक पडतो. सासूला पण सांगा, निर्णय तिच्याकडे असतो.

भगताशी, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिक-वैदूशी भांडायचं नाही. नवीन जोशात सगळे भांडतात. लोक आधी त्याच्याकडेच जाणार, तर त्याच्याशी बोलून ठेवलेलं बरं की बाबा, साप चावला, झटके आले, बाळ दूध ओढत नाही, तर तुमचं जे काय असेल ते दोन मिनिटांत उरका आणि इकडे पाठवा. आमच्याकडचे भगत स्वतः गुडघ्याच्या गोळ्या न्यायला येतात आता. लांबच्या पाड्यावरच्या गरोदर बाईला तारखेच्या आधीच पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत आणून ठेवायचा प्रयत्न करा, सोबत लहान मूल आणि घरातलं माणूस राहू शकतं. रात्री पावसात डोली करून बाईला रस्त्यापर्यंत आणायचं आणि मग १०८ला रेंज शोधायची, त्यापेक्षा हे केव्हाही बरं. कोंबड्या-शेळ्या कोण बघणार हा प्रश्न मात्र दरवेळी येतो आणि तो तुम्हालाच सोडवायला लागतो, शेजारणीला तयार करा.

आशाताईला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापू नका. तिचा मोबदला कामाच्या हिशोबाने मिळतो, तिचे फॉर्म वेळेवर सही करून द्या, तुमच्यामुळे अडकले तर ती पुढच्या वेळी कशाला पळेल.

राहायचं म्हणाल तर उपकेंद्रातच राहिलेलं बरं, खोली असेल तर. टॉर्च, गमबूट, पॉवर बँक, आणि ऑनलाईन एन्ट्रीसाठी रेंज कुठे मिळते ती जागा पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा, आमच्याकडे पाण्याच्या टाकीजवळ मिळते. पीजीचा अभ्यास होतो, संध्याकाळनंतर वेळ असतो, फक्त जून ते सप्टेंबर धरू नका.