बी.एस्सी.च्या आधीचं फिजिक्स-मॅथ्स, घरी बसून

बारावीपर्यंत फिजिक्स म्हणजे सूत्र शोधा, आकडे टाका. बी.एस्सी.च्या तयारीला सुट्टीत एनपीटीईएलची (आयआयटींच्या प्राध्यापकांची फुकट ऑनलाइन) व्याख्यानं लावली. ऐकताना सगळं कळायचं, वही उघडली की पेन हलायचं नाही.

गाडी रुळावर आली ती लंबकामुळे. आवर्तकालाचं (एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचं) सूत्र पाठ होतंच; ते स्वतः काढायला बसलो आणि अडलो साइन थीटाच्या जागी नुसता थीटा, म्हणजे झोक्याचा कोन, लिहिण्यापाशी. म्हणून टेलर श्रेणी (साइनसारखं फल थीटाच्या घातांच्या बेरजेत मांडायची रीत) शिकलो. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, त्याचा साइन ०.१७३६. फरक अर्ध्या टक्क्याचा. ६० अंशांवर मात्र हा जुगाड चालत नाही, आवर्तकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. खरं-खोटं करायला मीटरभर दोरीला कुलूप बांधलं (घरच्यांनी काय समजायचं ते समजले). छोट्या कोनात एक दोलन २ सेकंदांचं. मोठा झोका लवकर उतरतो, त्यामुळे तिथे पहिली पाचच मोजली. तरी स्टॉपवॉचवर फरक दिसला.

तेव्हापासून आधी प्रश्न, मग अडेल तेवढंच गणित. डेरिव्हेशन सुरू झालं की व्हिडिओ बंद. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर साइटवर बऱ्याच कोर्सचे प्रश्नसंच उत्तरांसकट फुकट आहेत. उत्तर दुसऱ्या दिवशीच बघायचं. डिफरन्शियल इक्वेशन्स असेच निभावले.

एप्सिलॉन-डेल्टाला (लिमिटच्या काटेकोर व्याख्येला) ही युक्ती लागू पडत नाही. तिथे व्याख्या आधी पाठच करावी, कुणी काही म्हणो, आणि मग एक्स वर्गासारख्या साध्या फलावर लावून बघावी.