छोटी विमानं ओळखताना या चुका टाळा: प्रत्येक हाय विंग सेसना नसतं

एका इंजिनाचं छोटं विमान डोक्यावरून गेलं की आपल्याकडे बहुतेक जण 'सेसना' (छोटी विमानं बनवणारी एक अमेरिकन कंपनी) म्हणून मोकळे होतात. बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी, जिथे पायलट ट्रेनिंग चालतं, तिथल्या लोकांना तर ही विमानं रोजचीच, तरी कुणी फोटो टाकला की खाली दहा जण दहा नावं सांगतात आणि शेवटी रंगावरून भांडण. हे थांबू शकतं असं मला मनापासून वाटतं, कारण ही विमानं ओळखणं खरंच अवघड नाहीये, फक्त लोक चुकीच्या गोष्टी बघतात.

माझा नियम एकच आहे. मालकाला बदलता येतं ते बघू नका, कारखान्यातून निघतानाच जे ठरलेलं असतं ते बघा. रंग, पट्टे, चाकांवरची कव्हरं, प्रोपेलरची पाती, अँटेना हे सगळं नंतर बदलतं. पंख वर आहे की खाली, शेपटीचा आकार काय, दार कुठे आहे, खिडक्या किती आणि केवढ्या, हे सहसा कुणी बदलत नाही. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बऱ्याचशा हा फरक न केल्यानेच होतात.

पंख वर आणि तिरका दांडा दिसला की सेसना

ही सगळ्यात कॉमन चूक. पंखाला खालून आधार देणारा तो तिरका दांडा म्हणजे स्ट्रट, आणि तो सेसनाशिवाय अनेकांना असतो. पायपर कंपनीच्या कबला आहे, सिटाब्रियाला आहे, आजकाल ट्रेनिंगमध्ये दिसणाऱ्या टेकनॅम पी२००८ ला पण आहे. आपल्याकडच्या जुन्या फ्लाइंग क्लबांमध्ये वर्षानुवर्षं एचएएलचं पुष्पक उडायचं, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, त्यालाही पंख वर आणि दांडे. जुन्या फोटोत त्याला सर्रास पायपर कब म्हणतात. पण कबमध्ये दोघं एकामागे एक बसतात आणि पुष्पकात शेजारी-शेजारी, त्यामुळे पुष्पकाची केबिन समोरून बघितली की लगेच रुंद वाटते. शिवाय दोन्हींचं तिसरं छोटं चाक शेपटीखाली असतं. आज सगळीकडे दिसणाऱ्या सेसना १५२ आणि १७२ चं तिसरं चाक नाकाखाली असतं, म्हणजे नुसतं चाक बघितलं तरी अर्धा गोंधळ संपतो.

टेकनॅम आणि सेसना १५२ मध्ये गल्लत झाली तर धडाच्या पत्र्याकडे बघा. १५२ अल्युमिनियमचं, रिव्हेटच्या ओळी स्पष्ट दिसतात. पी२००८ चं धड कार्बन फायबरचं, एकदम गुळगुळीत, आणि मागची आडवी शेपूट अख्खी हलते, १५२ सारखा फक्त मागचा भाग नाही. जमिनीवर उभं असेल तर हे दोन मिनिटांत कळतं.

उलटी चूकही होते बरं का. दांडा नाही म्हणून सेसना नाही, असं नसतं. १७७ कार्डिनलला दांडे नाहीत, समोरची काच पंखाच्या पुढे आलेली आणि दारं चांगली रुंद. २१० सेंचुरियनला सुरुवातीला दांडे होते, १९६७ च्या मॉडेलपासून गेले, आणि त्याची चाकं आत जातात.

१५२ आणि १७२ मध्ये साइजवरून ठरवणं

आकाशात साइज कळत नाही, कारण अंतर माहीत नसतं. १५२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण १०.२ मीटर आणि १७२ चे ११ मीटर, एवढा फरक दीडेक हजार फुटांवरच्या विमानात डोळ्याला दिसणारच नाही, त्यामुळे 'लहान वाटलं म्हणून १५२' हे कारण मी तरी मानत नाही.

खिडकी बघा. १५२ दोन सीटचं, त्यामुळे दाराच्या मागची बाजूची खिडकी छोटी, तिच्यामागे फक्त सामानाची जागा. १७२ चार सीटचं, मागच्या दोघांनाही बाहेर बघायचं असतं म्हणून दारामागची खिडकी चांगली लांब. फोटो बाजूने असेल तर एवढ्यावर काम झालं.

इथे जुन्या मॉडेलांचा एक घोळ होतो. १७२ आलं १९५६ साली, तेव्हा शेपूट सरळ उभी होती आणि मागची काच नव्हती. मागे झुकलेली शेपूट १९६० च्या मॉडेलला आली आणि मागची काच १९६३ ला. म्हणून सरळ शेपूट आणि मागे बंद पाठ दिसली की 'हे काय १७२ नाही' म्हणू नका, ते जुनं १७२ असू शकतं. १५० (१५२ च्या आधीचं मॉडेल) चं पण तसंच, तिथे मागची काच १९६४ ला आणि झुकलेली शेपूट १९६६ ला आली. जुन्या फोटोची तारीख लावायलासुद्धा ही माहिती फार कामाला येते.

१८२ थोडं ट्रिकी आहे. बाहेरून १७२ सारखंच, पण नाक जाड आणि इंजिनाखाली उघडझाप होणारी कूलिंगची झाकणं. पाती तीन आहेत म्हणून १८२ असं मात्र ठरवू नका, १८२ वर दोन पातीही येतात. पाती मोजणं हा शेवटचा पुरावा असावा, पहिला नाही.

पंख खाली असेल तर 'पायपर' लिहून मोकळं होणं

इथे दार हा सगळ्यात भारी पुरावा आहे आणि तो कुणी बघतच नाही याचं मला आश्चर्य वाटतं. पायपर पीए-२८, म्हणजे चेरोकी, वॉरियर, आर्चर, ॲरो ही सगळी भावंडं, यांना दार एकच, उजव्या बाजूला, पंखावर चढून जायचं. मूनीलाही एकच उजवीकडे. बोनान्झाचंही पुढचं दार उजवीकडेच. मग डाव्या बाजूच्या फोटोत पुढच्या सीटला मोठं दार दिसलं तर ही तिन्ही बाद. दोन्हीकडे दारं असतील तर सिरस असेल, टोमाहॉक असेल, किंवा सोकाटाचं टीबी असेल. सोकाटाची दारं छताच्या मधून वर उघडतात, सिरसची पुढे आणि थोडी वर, आणि सिरसच्या पंखाच्या पुढच्या कडेला टोकाकडे एक पायरीसारखा खाचा असतो तो नक्की शोधा. शिवाय सिरसची चाकं आत जात नाहीत, वेग बघून लोकांना वाटतं जात असतील.

पीए-२८ मध्येच पुढचा फरक पंखाचा. जुन्या चेरोकीचा पंख मुळापासून टोकापर्यंत जवळजवळ एकाच रुंदीचा, चॉकलेटच्या वडीसारखा, म्हणून अमेरिकेत त्याला हर्षी बार विंग असंच नाव पडलं. १९७४ च्या मॉडेलला वॉरियर आलं तेव्हापासून पंख लांब झाला आणि बाहेरचा अर्धा भाग निमुळता झाला, पुढे आर्चर आणि ॲरोलाही तोच पंख मिळाला. खालून बघताना हा फरक अगदी स्वच्छ दिसतो. पण वॉरियर की आर्चर, हे नुसतं उडताना बघून छातीठोकपणे सांगू नका. एक १५० किंवा १६० हॉर्सपॉवरचं, दुसरं १८० चं, बाहेरून फरक फारच कमी. अशा वेळी नुसतं पीए-२८ लिहिणं जास्त प्रामाणिक आहे आणि त्यात काही कमीपणा नाही.

आणि चाकं! लँडिंगच्या वेळी चाकं खाली दिसली म्हणजे ती फिक्स आहेत असं कुणी ठरवलं? ॲरोची चाकं आत जातात, पण रनवेजवळ चकरा मारताना ती खालीच असणार. अशा फोटोत पंखाखाली चाक बसायची खोबण दिसते का ते झूम करून बघा. तसंच चाकांवर कव्हर नाही म्हणून मॉडेल वेगळं ठरवू नका, ट्रेनिंग स्कूलवाले चिखल अडकतो म्हणून ती कव्हरं बऱ्याचदा काढूनच ठेवतात, त्यातून आपल्याकडचा पावसाळा.

शेपटीवरून घाई

शेपूट हा खरं तर सगळ्यात सोपा पुरावा, आणि म्हणूनच लोक तिथे घाई करतात. व्ही आकाराची शेपूट म्हणजे बीचक्राफ्ट बोनान्झा, हे जवळपास बरोबरच आहे, १९४७ ते १९८२ पर्यंत ते मॉडेल ३५ निघत होतं. पण बोनान्झा म्हणजे व्हीच, हे चूक. मॉडेल ३३ आणि ३६ ला साधी शेपूट असते.

मूनीची शेपूट एकदा बघितली की माणूस विसरत नाही. उभ्या शेपटीची पुढची कड सरळ उभी आणि मागची कड पुढे झुकलेली, म्हणजे इतर विमानांच्या बरोबर उलट. जवळून बघायला मिळालं तर शेपूट आणि धड यांच्यामध्ये फट दिसते, कारण विमान ट्रिम करताना, म्हणजे त्याचं नाक हवं त्या कोनात स्थिर ठेवताना, अख्खी शेपूटच थोडी वर-खाली हलते. मला स्वतःला छोट्या विमानांमधली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

टी-टेल, म्हणजे आडवी शेपूट उभ्या शेपटीच्या डोक्यावर, दिसली की हल्ली सगळे 'डायमंड' (डीए४०, डीए४२ बनवणारी कंपनी) म्हणतात. गोंदियाला बिरसी विमानतळावरच्या ट्रेनिंगमध्ये डीए४० आहेत, त्यामुळे विदर्भात हा अंदाज बऱ्याचदा बरोबरही येतो. पण पायपर टोमाहॉकलाही टी-टेल आहे, ॲरो ४ ला आहे, एनसीसीच्या पिपिस्ट्रेल व्हायरसलाही आहे. व्हायरसचा पंख वर आणि दांड्याशिवाय, तो तिथेच वेगळा पडतो. डीए४० साठी लांब सडपातळ पंख, टोकाला वर वळलेले, पुढे मोठी काचेची कॅनोपी, म्हणजे उघडणारं पारदर्शक छत, आणि मागच्या सीटसाठी डाव्या बाजूला वर उघडणारं दार, एवढं सगळं जुळवा. त्याचा दोन सीटचा भाऊ डीए२०, त्याची कॅनोपी मागे बिजागरी असलेली, डीए४० ची पुढे. आणि नाकावर प्रोपेलरच नसेल, दोन्ही पंखांवर इंजिनं असतील, तर ते डीए४२ आहे, तिरक्या फोटोत डीए४० आणि डीए४२ फार फसवतात.

फोटोच्या खालच्या ओळीवर विश्वास ठेवणं

जेआरडी टाटांचं उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले ते पस मॉथमधून. पन्नास वर्षांनी, १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तेच उड्डाण परत केलं, पण ते लेपर्ड मॉथमधून. दोन्ही डी हॅविलंडची, दोन्ही हाय विंग, दोन्हींना शेपटीखाली चाक, त्यामुळे १९८२ च्या फोटोला लोक बिनधास्त पस मॉथ लिहितात. लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालंच १९३३ मध्ये, म्हणजे १९३२ च्या फोटोत ते असूच शकत नाही. रंगीत फोटो, म्हातारे जेआरडी, तर ते लेपर्ड मॉथ. आत पायलट पुढे मध्यभागी एकटा आणि मागे दोन सीट शेजारी-शेजारी. जुना फोटो हातात आला की आधी विचारा, हे विमान त्या वर्षी होतं का?

फोटोच गंडला असेल तर

प्रोपेलर वाकडातिकडा, केळ्याच्या आकाराची पाती, मधेच एखादं सुटं पातं हवेत, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यामुळे होतं. सेन्सर चित्र एकेक ओळ करून वाचतो आणि तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं. अशा फोटोत पाती मोजायचीच नाहीत.

सूर्य समोर असेल आणि फक्त काळी आकृती मिळाली असेल तर डिटेल सोडा, बाह्यरेषा घ्या. लो विंग विमान खालून बघितलं की पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिसतो, हाय विंगमध्ये धड पंखाच्या खाली येऊन त्याला मधून कापतं. सेसना १७२ चा पंख अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग निमुळता. तेवढ्यावर निदान कंपनीपर्यंत पोचता येतं. एअर फोर्सच्या तळाजवळ, जसं पुण्यात लोहगाव, फोटोच्या भानगडीत पडू नका, नुसतं बघा.

आणि विमानं ट्रॅक करणाऱ्या ॲपवर बघून उत्तर देणाऱ्यांसाठी: तिथे विमानाच्या नावाऐवजी टाइप कोड असतो. पी२८ए दिसलं म्हणजे ते चेरोकी, वॉरियर, आर्चर यातलं काहीही असू शकतं, कोड सगळ्यांना एकच. पी२८आर म्हणजे ॲरो, तिथे निदान चाकं आत जातात हे नक्की झालं. बाकी पंख निमुळता आहे की सरळ, ते मात्र वर मान करून तुम्हालाच बघावं लागेल.