शेंड्याकडून वाळणारे झाड कसे वाचवावे

मुंबईत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने झाड जमिनीत मुरलेल्या ओलीवर तगते. म्हणून शेंडे वाळू लागले, तर आजच्या उन्हाला दोष देण्याआधी मागच्या एक-दोन वर्षांत मुळांनी काय सोसले ते पाहावे.

प्रथम फांदीची साल नखाने हलकेच खरवडावी. आत हिरवा थर दिसला, तर ती जिवंत आहे. सावर किंवा पांगारा उन्हाळ्याच्या तोंडी निष्पर्ण होतो, त्याला मेलेला समजू नये.

मग बुंध्यापाशी यावे, कारण खरे दुखणे बहुधा तिथेच असते. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट खोडाला भिडले असेल, तर हवा आणि पाणी दोन्ही अडतात. ते यंत्राने न फोडता हाताने, मुळे न दुखावता, शक्यतो मीटरभर अंतरापर्यंत काढून घ्यावे. मोकळ्या मातीवर पाचोळा पसरावा, पण तो खोडाला टेकू देऊ नये. पाऊस सरल्यावर आठवड्यातून एकदा, खोल मुरेल असे सावकाश पाणी द्यावे. रोजच्या वरवरच्या शिंपणाने मुळे पृष्ठभागाशीच राहतात. अशक्त झाडाला रासायनिक खत मात्र मुळीच देऊ नये.

वर्षावृक्षाच्या फांद्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास ते पिठ्या ढेकणाचे असतात. या किडीने शहरातले अनेक वर्षावृक्ष गेले आहेत. वाळलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी उतरवाव्यात, परंतु १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करावा.